वाऱ्याची दुसरी कुस्ती

पेढे राहू द्या आबासाहेब, ती पुडी ठिवा त्या कोनाड्यात — आन् आधी मला नीट सांगा, आपला नातू रंगनाथ पडला कसा? न्हाई, वारं आलं ते ऐकलं म्या. दारातून आत यायच्या आधीच तुमी सांगितलंत, ईनबाई, तुमच्या घरचा खंडोबा आता आमच्या घरी आला, तुमच्या लेकीच्या पोटातून आला. ते ऐकलं. मी इचारायले, पडला कसा? तालमीत, बरं. थोराड पोराबरूबर, बरं. आन् मातीला आधी काय टेकलं — खांदा का डोकं? असं, कानामागं. मंग उठला का लगेच? उठला. आन् उठून? झोकांड्या खाल्ल्या, डोळं फिरवलं, उजवा हात असा छातीशी ओढून धरला, आन् काय बोलला ते कुणालाच कळलं न्हाई — तुमच्या वस्तादाला बी न्हाई. बरं. आन् ओकला का? आठवून सांगा. हां, म्हंजी ओकला. देवाचं तेज पोटात माईना म्हणून ओकला, असं तुमचं म्हणणं.

बसा, उनातून आलात, पाणी प्या. हा तांब्या. ताडकळसला यष्टी बदलून आलात का थेट झरीची घावली? कसं का आलात, आलात ते लय बरं झालं, मीच येणार होते तुमच्याकडं. आन् हे बघा, मी बाईमाणूस, लेकीच्या सासऱ्यापुढं एवढं तोंड उघडून बोलू न्हाई, मला कळतंय. डोईवरचा पदर काई खाली आलेला न्हाई माझा. पण मालक जाऊन दोन वर्षं झाली, धाकले दीर हैद्राबादेला मिलात गेले ते तिकडंच ऱ्हायले, आता या घरात बोलायला माझ्याबिगर हाय कोण? मालक असते तर त्यांनी दोन पेढे एकदम तोंडात घातले असते आन् तुमच्या गळ्यात पडून रडले असते, हे बी खरं हाय. मी न्हाई पडणार. मला रडूच यायलंय, पण त्याची तऱ्हा येगळी हाय.

उठू नका — उठू नका म्हणते ना. त्याच्या पाया पडू नका, आबासाहेब. माझं लेकरू हाय ते, देव न्हाई. बन्सी, बस बाबा, कुणी न्हाई, सत्यशीलाचे सासरे आलेत, आपले पाव्हणे हायत, बस. त्याला दारातल्या उजेडाची तकलीफ होती, म्हणून तसं तोंड भिताडाकडं करून बसतो त्यो. तुमी भंडाऱ्याची पिशवी आणली ती दिसली मला. त्याच्या हातानं रंगनाथासाठी भंडारा पाहिजे, परवा रविवारी तुमच्या जत्रंत पोराच्या कपाळाला लावायला — व्हय ना? आन् मंग हलगी, आन् मंग आखाडा. कळलं मला सगळं. एवढं ऐकून घ्या माझं, मंग काय ते करा.

लोकं येतात ना, दर रविवारी येतात, बैलगाड्या करून येतात. नारळ फोडतात, कापूर जाळतात, माझं लेकरू धुरानं खोकतं. कुणाची म्हैस हरवली, कुणाला पोर न्हाई, कुणाचा जमिनीचा खटला, सगळे बन्सीला कौल मागतात. आन् त्यो काय म्हणतो ठाऊक हाय? त्यो एकच इचारतो — पाठ मातीला लागली का? एवढंच. पाच वर्षं झाली, सकाळी तोंड धुवायला नेलं तरी इचारतो, पाठ लागली का, माय, माझी पाठ लागली का? म्या म्हणते, न्हाई रं राजा, न्हाई लागली. आन् लोकं त्याच्यातून अर्थ काढतात. पाठ लागली म्हंजी खटला हरणार, न्हाई तर म्हशीच्या पाठीला लागलेला चोर. अहो, त्याला काई दिसत न्हाई पुढचं. त्याची त्या दिवशीची कुस्ती सुटलीच न्हाई आजून, त्यो तितंच हाय त्या मातीत, आन् मी बोलवते तर येत न्हाई.

मुळापासून सांगते, तुमाला वाटतं तुमाला सगळं ठाऊक हाय पण तुमी ऐकलंय ते पोवाड्यासारखं ऐकलंय. आमचे मामंजी — माझे सासरे — रझाकाराच्या आधीचे पैलवान. मी लगीन होऊन आले तव्हा ते हयात होते, म्हणून मला ठाऊक. त्यांनी एकदा जत्रंत कुस्ती धरली, फेकले गेले, डोकं टेकलं मातीला. लय मार न्हाई, नुसतं टेकलं. दुसरा कुणी असता तर माती झटकून उठला असता. हे उठले आन् डुलायला लागले, हात असा छातीशी गेला, जबान अडखळली, आन् कुणीतरी वरडलं, आलं, खंडेरायाचं वारं आलं. झालं. हलग्या वाढल्या, भंडारा उधळला, देवळाला फेऱ्या घालायला लावल्या. आन् मंग शान्या लोकांनी काय करावं? देव अंगात हाय म्हणल्यावर पाठ लागतच न्हाई, तर लावा दुसरी कुस्ती, बघू तरी. लावली. आता समोरचा गडी आपल्याच मुलखातला, देवाला भिणारा — देवाला कोण चितपट करील? त्यो आपसूक पाठीवर गेला. मामंजी जिंकले. तव्हापासून रीत पडली आमच्याकडं, वारं आलेल्या गड्याला आखाड्याच्या भाईर काढायचं न्हाई, लगेच दुसरी कुस्ती लावायची. वाऱ्याची दुसरी कुस्ती. ती बघायला लोकं सोनपेठहून यायचे.

पण घरात काय व्हायचं ते कुणी बघितलं? घरात आमी बायका बघायचो. मामंजी आठ-आठ दिस अंधाऱ्या खोलीत पडून ऱ्हायचे, भाकरी बघितली की ओकायचे, सासूबाईला म्हणायचे, हळू बोल, बांगड्या वाजवू नको. आन् पुढं पुढं काय झालं, की कुस्ती लागंना, नुसती चौकट लागली डोक्याला तरी तसंच व्हायचं. डोळं फिरायचं, हात आखडायचा. शेवटाला बैल जुपताना जूचा एक धक्का बसला — एवढासा, लेकराला बी लागत असतो — निजले ते उठलेच न्हाईत. लोकं म्हणले देवानं नेलं, वाजवत नेलं त्यांना. सासूबाई तेवढी म्हणली, माझ्या मालकाचं डोकं कच्चं होतं गं धुरपता. म्हातारी अडाणी होती, पण तिनं घरात बघितलं होतं.

मंग आमचे मालक. तुमी त्यांच्या कुस्त्या बघितल्यात, तुमीच सांगत असता. त्यांना दोनदा वारं आलं आन् दोन्ही वेळा दुसरी कुस्ती जिंकले. आन् घरात? घरात त्यांना आपल्या बैलाचं नाव आठवंना. पेरणीला गेलेला माणूस रिकामी पाभर घेऊन माघारी यायचा, कामून आलो इचारायचा. राग तर असा, की ताटातलं मीठ कमी झालं तर ताट भिताडाला. आधी असा न्हवता हो त्यो माणूस. लगीन झालं तव्हा मला झरीच्या बाजारातून चोरून गुलाबी रिबीन आणायचा, आईला दिसू नये म्हणून पागोट्यात दडवून. त्यो माणूस गेला तव्हाच गेला, त्याचं मढं तेवढं दोन सालामागं उचललं. आन् त्यांचे धाकले भाऊ, हैद्राबादेचे — ते तर दहा येळा पडले असतील. एकदा तर आखाड्याच्या भाईरच्या दगडावर. पाणी प्यायले, हसले, परत उभे. त्यांना एकदा बी वारं आलं न्हाई. लोकं म्हणायचे, धाकल्याचं मन देवात न्हाई. मला तव्हाच वाटायचं, एका आईची दोन लेकरं, एकाच मातीत पडतात, आन् एकालाच कामून?

आन् बन्सी. बन्सीची कुस्ती तुमी व्हतात ना तितं? तुमच्या डोळ्यांदेखत झालं मंग. मी न्हवते, बायकांना आखाड्याकडं येऊ देत न्हाईत. मला लोकांनी सांगितलं तेवढंच ठाऊक. एकोणीस वर्षांचं पोर. पहिल्या कुस्तीत ढाकंचा डाव बसला, मान वाकडी होऊन डोकं टेकलं. उठला, डुलला. आन् मालकच वरडले, आलं. बापच वरडला. नातवात आज्याचा देव आला म्हणून बाप आखाड्यात नाचला. पोराच्या डोळ्यांत, नाकात भंडारा गेला, त्याला धड उभं ऱ्हाता येईना तर दोघांनी काखंत हात घालून फिरवला देवळाभवती. आन् लावली दुसरी कुस्ती. फक्त या वेळी समोरचा गडी होता परमुलखातला, कुठला कुणाला ठाऊक, त्याला आमचं वारं म्हंजी काय ते म्हाईतच न्हवतं. त्यानं आपली कुस्ती केली, त्याचा काय दोष? उचलून टाकला. बन्सी परत उठला न्हाई.

रडते कुठं, डोळ्यात धूर गेलाय, सकाळी कापूर जाळलाय कुणीतरी. तुमी ऐका.

परभणीच्या दवाखान्यात नेला जीपमधी घालून. तितं एक तरणा डॉक्टर होता, भगवानराव. आता तोंड वाकडं करू नका आबासाहेब — हां, त्यांच्यातलाच, जयभीमवाला, आन् सालं ती नामांतराची, गावागावात एकमेकाकडं पाठ करून बसलेले लोक. पण माझ्या लेकराची रात दिस सेवा कुणी केली? त्यानं केली. शेवटी बन्सीनं डोळं उघडलं तव्हा त्यानं मालकाला आन् मला समोर बसवलं आन् इचारलं, घरात आजून कुणाला असं झालं होतं का? मालक छाती काढून सांगायला लागले, माझ्या बापाला यायचं, मला येतं, आता याला आलं. डॉक्टर ऐकत ऱ्हायला. हसला न्हाई हां, एकदा बी हसला न्हाई. मंग मामंजीचं मरण इचारलं, धाकल्या दिराचं इचारलं, सगळं इचारलं. आन् म्हणला, "हे वारं नाही, दादा. हा मार आहे. सगळ्यांनाच असा लागत नाही, पण तुमच्या घरात लवकर लागतो आणि लवकर भरून येत नाही. बापाकडून नाक येतं, डोळे येतात, तसं हेही येत असावं. पुस्तकात अजून पक्कं लिहिलेलं नाही, मीही पक्कं म्हणत नाही, पण तीन पिढ्या माझ्यासमोर दिसतात."

मालक उठून भाईर गेले. जाताना म्हणले, देव न मानणाऱ्याला देव काय कळणार. व्हरांड्यात बिड्या ओढत बसले. मी बसून ऱ्हायले. मला डॉक्टरानं सांगितलं — आई म्हणला मला — आई, पहिला मार लागला की डोकं विरजण लावलेल्या दुधासारखं असतं, लागंपर्यंत हलवायचं न्हाई. अंधारात निजू द्यायचं, पंधरा दिस, महिना, जितके लागतील तितके. त्याच्यावर दुसरा मार बसला की मंग माझ्या हातात काही ऱ्हात न्हाई. म्हंजी कळलं का आबासाहेब? पहिल्या मारानं न्हाई गेलं माझं पोर. दुसऱ्या कुस्तीनं गेलं. आपण ज्याला देव म्हणून नाचवलं, त्याला निजवायचं होतं.

आन् मंग म्या डॉक्टराला एक इचारलं. मालक भाईर होते म्हणून इचारलं. म्हणलं, बापाकडून पोराला येतं ते कळलं, पण लेकीकडून? मला लेक हाय, तिला नऊ वर्षांचं पोर हाय. तव्हा नऊचाच होता रंगनाथ. डॉक्टरानं खुर्ची जवळ ओढली. म्हणला, लेकीला कधी डोक्याला लागलं होतं का?

लागलं होतं. सत्यशीला दहा वर्षांची होती, पंचमीच्या झोक्यावरून पडली. तीन दिस डोळं उघडंना, उजव्या हातात काडी धरता येईना, तिला आपलं नाव सांगता येईना. सगळं तेच, हात छातीशी, ओकणं, सगळं. पण पोरीच्या अंगात खंडोबा येत न्हाई ना. म्हणून तिला वारं न्हाई म्हणले, ऊन लागलं म्हणले. सोंग करती म्हणले, झोक्यावर जास्त बसली म्हणून. कांदा हुंगवला आन् सोडून दिली. तीच वाचली बघा. तिला कुणी नाचवलं न्हाई, दुसऱ्यांदा कुणी झोक्यावर बसवलं न्हाई, कोपऱ्यात पडून ऱ्हायली ती, म्हणून वाचली. तुमी सोयरीक घेऊन आलात तव्हा तुमी इचारलं व्हय पोरीला ऊन कधी लागलं होतं? कोण इचारतं? तुमी तर घराणं बघून आलात, वाऱ्याचं घराणं, असं म्हणत आलात.

म्हंजी — म्हंजी मला तसं म्हणायचं न्हाई. थांबा. तसं बघू नका माझ्याकडं. सत्यशीला धडधाकट हाय, तिनं तुमचं घर धरलं, तिच्या सासूबाईचं म्हातारपण काढलं तिनं, नातू दिला, काय कमी केलं? तिच्यात खोट हाय असं म्या म्हणलं न्हाई. रगात काही कुणी बाजारातून निवडून आणत न्हाई. तिच्या नाकावर तिचा बाप हाय, तिच्या हसण्यावर मी हाय, आन् हे एक हाय, तिनं मागितलं न्हाई. आन् रंगनाथाला ते आलंय का न्हाई, काल परवापर्यंत कुणाला ठाऊक होतं? म्या रोज खंडोबापुढं म्हणायचे, देवा, धाकल्या दिरासारखं होऊ दे त्याचं, नको येऊ देऊ. आज तुमी पेढे घेऊन आलात आन् सांगितलं, आलं.

तर मी म्हणायले काय, पोराला रविवारी उतरवू नका. बस, एवढंच मागणं हाय. आत्ता त्याचं डोकं विरजण हाय. आता बी डोकं दुखतंय म्हणत असंल त्यो. म्हणतो ना? आन् सकाळी उठवलं तर कुठं हाय ते इचारतो — तुमी पेढ्याच्या पुडीकडं बघायलात, म्हंजी इचारतो. त्याला घरात निजवा, दाराला गोणपाट लावा, हलगी लांबून बी ऐकू देऊ नका. हा उन्हाळा जाऊ द्या. एकदा मिरीग लागला, पाऊस आला की आखाडे बंद, सगळे रानात. तवर भरून येईल, लेकरू हाय, लवकर येईल. पुढच्या साली काय ते बघू, मी तुमच्या पाया पडायला येते, त्याला शाळा शिकवू म्हणते, मास्तर होईल, कारकून होईल, काई होईल. पण परवा न्हाई. परवा त्याला तुमी उतरवलं आन् आधीच हे असं झालेलं, आन् समोरच्यानं डोकं टेकवलं, तर लोक वरडतील आलं, आन् तुमी लावाल दुसरी. लावाल ना? लावाल, कारण रीत हाय. आन् त्यो तुमचा दुसरा गडी देवाला भिणारा असंल का न्हाई, कुणाला ठाऊक.

काय म्हणता? सगळ्या गावाला सांगून झालंय. पत्रकं लागलीत भिताडांना. वाऱ्याचा नातू म्हणून. बरं. आन् तुमचा मुलगा ऐकणार न्हाई. ते मला ठाऊक हाय. त्यो ऐकणार न्हाई ते मला लय चांगलं ठाऊक हाय. सत्यशीलानं सांगून बघितलं ना त्याला. मागल्या पंचमीला माहेरी आली तव्हा म्या तिला सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणला ते, म्हणलं, पोराला तालमीत घालू देऊ नको, काई बी कर, आडवी पड. पोरीनं ऐकलं माझं. आडवी पडली. आन् दिवाळीला परत आली तर काय, आल्या आल्या अंथरूण धरलं. चार दिस. बांगड्या वाजवू नको आई म्हणली. मी इचारलं, काय झालं गं, तर म्हणली, दार लागलं. आता तुमी मला सांगा आबासाहेब, दाराला बोटं असतात का? पाच बोटं, इथून इथवर, कानापर्यंत —

म्या काय बोलले. काई न्हाई बोलले. बसा, बसा हो. उठता कामून? तुमच्या मुलाचं नाव घेतलं का म्या? न्हाई घेतलं. नवरा-बायकोत होतं, सगळीकडं होतं, आमच्या मालकानं काय कमी मारलं मला. मी तक्रार घेऊन बसले न्हाई. आबासाहेब, तुमी तिला माघारी धाडाल, व्हय ना? मला दिसायलंय तुमच्या तोंडावर. खोट्या रगताची पोर दिली म्हणाल, चार माणसं बोलवाल, आन् पोरगं ठिवून घ्याल, पोरगं तुमचं. तिला धाडाल आन् त्याला रविवारी आखाड्यात उतरवाल. तेवढं करू नका. बन्सी, गप बस राजा, न्हाई लागली पाठ, न्हाई लागली, कुणी भांडत न्हाई हितं. बघा, आवाज वाढला की त्याला बी कळतं.

मी तुमच्या इज्जतीला धक्का लागू देत न्हाई. ऐका, एक रस्ता हाय, आत्ताच सुचला. गावाला सांगायचं न्हाई की पोराच्या रगतात काई हाय. सत्यशीलाला दोष द्यायचा न्हाई. पत्रकं लागू द्या, हलग्या येऊ द्या. तुमी फक्त आता घरी जावा आन् सांगा, रंगनाथाची आजी वारली. धुरपता गेली. पोराला सुतक लागलं. आजी गेल्यावर नातवाला तीन दिस तरी सुतक, सुतकातल्या पोराला भंडारा लागत न्हाई, आन् भंडारा न्हाई तर त्यो लाल मातीला शिवत न्हाई. वस्ताद बी म्हणणार न्हाई शिव म्हणून, देवाचा कोप होईल. तुमचा मुलगा बी काई बोलू शकत न्हाई. कुणाची मान खाली न्हाई, कुणाचं रगत वाईट न्हाई. म्हातारी मेली, एवढंच.

खोटं बोलायला जड जात असंल, तर तुमच्या समाधानासाठी मी खरं बी करते, आबासाहेब. न्हाई, घाबरू नका, बन्सीला तोंड धुवायला कोण नेईल, मला मरून चालत न्हाई. पण तुमी सांगा. सत्यशीला रडत येईल, पोराला हाताला धरून येईल, वेशीपासून हंबरडा फोडत येईल. आन् मी या दारात उभी दिसेन तिला. शिव्या देईल मला, देऊ द्या. पोराला मी त्या आतल्या खोलीत निजवते, बन्सीशेजारी, अंधारात. तवर रविवार जाईल. पुढं काय होईल ते माझ्या डोक्यावर, लोकं थुंकू द्या माझ्यावर, मेलेली बाई उभी ऱ्हायली म्हणून हसू द्या. तुमी म्हणा, मला खोटी खबर मिळाली.

व्हय म्हणता का न्हाई? बोला न. — बोलू नका, नका बोलू. तुमच्या तोंडातून 'न्हाई' निघालं तर मला ते झेपायचं न्हाई. तुमी पागोटं उचललंत, तेवढं दिसलं मला. जावा. साडेचारची यष्टी घावंल, फाट्यावर पळत गेलात तर. आन् आता मागं बघू नका, दारातून काई इचारू नका मला. मेलेल्या माणसासंगं कुणी बोलत बसत न्हाई.